चिंधी बांधलेली फांदी

आक्का, शेवगा मी छाटला. शेवटच्या शेंगा उतरल्या त्याच्या चौथ्या दिवशी, अंधाऱ्या पंधरवड्यात, सकाळी ऊन तापायच्या आत. खांद्याइतका ठेवला आणि कापल्या जागी शेणाचे गोळे थापले, तू थापायचीस तसे. म्हणजे जवळजवळ तसे. दोन पडले, ते पुन्हा लावले. तू असतीस तर कमरेवर हात ठेवून म्हणाली असतीस, "खांद्याइतका खरा, पन कुनाच्या? तुझा खांदा तं माझ्या कमरंला लागतो." ते वाक्य मीच मनातल्या मनात म्हटलं, मीच चिडले आणि कोयता धुऊन तुझ्या खिळ्यावर टांगला.

तू जाऊन दीड महिना झाला. दहाव्या-बाराव्याला माणसं येऊन बसली, चहा प्याली आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलून गेली. एक म्हणाल्या, माउली होती. दुसऱ्या म्हणाल्या, कधी कुणाला उलट शब्द बोलली नाही. त्या दुसऱ्या बाईंकडे मी नीट बघून घेतलं. एका अंगणात दोन भावांची दोन घरं, त्यात तू थोरली जाऊ, मी धाकटी आणि मधोमध एक रायवळ आंबा. उलट शब्दाशिवाय आपला एक दिवस तरी गेला का? सव्वीस वर्षं मी तुझ्याशी भांडले. तेवढ्या वेळात आपल्या पूर्णा गावातली शेतं गेली, गोदामं आली, अंगणाच्या तिन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती उभ्या राहिल्या, कंटेनरवाले आपल्या कुंपणाबाहेर आंब्याच्या सावलीला जेवणाचे डबे सोडायला लागले. आपलं भांडण मात्र जुनंच राहिलं: कुठल्या झाडाची कुठली फांदी कधी काढायची.

मी शहरातल्या धामणकर नाक्याची. खाली कापडाच्या लूमचा कारखाना, वर आमची खोली. लूम चालू असताना आम्हाला गाढ झोप लागायची आणि लाइट गेली की शांततेनं जाग यायची. झाड म्हणशील तर खिडकीत तेलाच्या डब्यात लावलेली तुळस, तिच्याही पानांवर कापसाची लव बसलेली. अशी मी लग्न होऊन आले आणि पहिल्या दिवशी तुला "तुम्ही" म्हणाले. तू मागं वळून बघितलंस. "तुमी कुनाला? माझ्या मागं कोन उबं हाय?" तेव्हापासून तू "तूच" झालीस.

पहिल्याच आठवड्यात मी दिवेलागणीनंतर आमटीसाठी कढीपत्ता तोडायला गेले आणि तू माझं मनगट धरलंस. "झोपलंय गो ते. सकाली का न्हाय तोडलास?" मी म्हटलं, झाड कसलं झोपतंय. तर म्हणालीस, "तुला झोपंतनं उठवून कोनी केस मागितलं तं देशील?" त्या दिवशीची आमटी बिनकढीपत्त्याची झाली. कुणालाही ती आवडली नाही.

तुझी सगळी विद्या "कवा" या एका शब्दात होती. कोयता कसा धरायचा, फांदी आधी खालून थोडी कापून मग वरून कापायची म्हणजे साल सोलवटत नाही, हे तू मला एका दुपारीत शिकवलंस. "कसं कापायचं ते हात शिकतो. कवा कापायचं ते झारच सांगतं, आपुन ऐकायला उबं रायलं पायजे." शेवगा शेंगा संपल्यावर, नाहीतर पावसात मोडून अंगावर येतो आणि वर सुरवंटांची जत्रा भरते. आंबा फळ उतरल्यावर आणि पाऊस लागायच्या आत. चिकूचं फक्त वाळकं काढायचं, ओल्याला हात लावायचा नाही. जास्वंद कधीही, कारण तुझ्या मते ती निलाजरी.

आणि मोठी फांदी काढायची असली की तीन दिवस आधी तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. "झाराला कललं पायजे, आपला कुठला हात जानार ते. तीन दिवसांत ते आपला जीव तिथनं काढून घेतं." मी हसायचे. पण एक मी बघून ठेवलं होतं. चिंधी बांधली की ते तीन दिवस तूच येता-जाता झाडाखाली थांबायचीस, वर बघायचीस, पलीकडून जाऊन पुन्हा बघायचीस, आणि कितीतरी वेळा तिसऱ्या दिवशी ती चिंधी सोडून दुसऱ्याच फांदीला बांधायचीस. तो वेळ झाडाला होता की तुला, हे विचारायचं राहून गेलं.

आता बारा वर्षांपूर्वीचं ते प्रकरण काढते. तू माझ्या तोंडून ते कधी नीट ऐकलं नाहीस.

आंब्याची एक जाड फांदी माझ्या गच्चीवर आडवी आली होती. पापड वाळेनात, गाद्यांना ऊन मिळेना. दर वर्षी मी म्हणायचे, हिला काढूया. दर वर्षी तू वर बघून म्हणायचीस, "बगू औंदा." त्या थंडीत घरात नवा मोबाइल आला होता आणि त्यातल्या एका व्हिडिओत मला एक माणूस सापडला. तो सांगत होता, झाडं थंडीतच छाटावीत, कारण थंडीत झाड झोपलेलं असतं. मी उडालेच. हा तर आक्काचाच शब्द. त्या माणसाच्या डोक्यावर कानटोपी होती, तोंडातून वाफ निघत होती, मागं सगळीकडे बर्फ होता. तो बर्फ मला दिसला होता, आक्का. पण दिसणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

पौषात तू आणि दादा, दोघं नवरा-बायको, तुझ्या भावाच्या नातवाच्या बारशाला चार दिवस गेलात. सासूबाई राहनाळला मोठ्या नणंदेकडे गेल्या. हे ड्युटीवर. मी रामसूरतला बोलावलं. तेव्हा तो राहनाळच्या गोदामात माल चढवायचा आणि सुट्टीच्या दिवशी झाडांची कामं करायचा. तो झाडाखाली उभा राहून वर बघतच राहिला. "अभी काटने का, भाभी? अभी तो बौर आएगा." मी म्हटलं, आत्ता मोहर तुमच्या यूपीत येत असेल. त्यानं विचारलं, "आक्का को पूछा?" आणि मी, दोन पोरांची आई, सरळ त्याच्या डोळ्यात बघून म्हणाले, "आक्काने ही बोला है."

फांदी खाली आली तेव्हा मी तिची टोकं हातात घेऊन बघितली. प्रत्येक टोकाला फुगलेला, तांबूस डोळा होता. झाड झोपलेलं नव्हतं. झाडाचे दिवस भरत आले होते. मी फाटी गोळा करून मागं टाकली आणि दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन आठ दिवस माहेरी गेले. पळाले म्हण.

परत आले ते मोठं वादळ होणार असं धरून. पण घरात कुणी चकार शब्द काढला नाही. सासूबाईंनी प्रवास कसा झाला विचारलं, जणू धामणकर नाका म्हणजे काशी. तू मात्र पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. सुक्या बोंबलाच्या कालवणाची वाटी आणून माझ्या ओट्यावर ठेवायचीस, रिकामी वाटी उचलायचीस, की गेलीस. पंधराव्या दिवशी त्या खुंटाखाली उभी राहून, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुझ्या त्या टोपीवाल्याच्या गावाला आंबं होतान का, इचार तं त्याला." पोरांनी तुला तो मोबाइलमधला माणूस कधीच दाखवला होता. मग मी हसले, मग तूही हसलीस, आणि भांडण पूर्ववत सुरू झालं.

दोन वर्षं ती बाजू फळली नाही, आणि पहिल्या वर्षी तर सगळं झाडच रुसलं. नणंदांकडे दर उन्हाळ्यात आंब्यांच्या पाट्या जायच्या, त्या वर्षी गेल्या नाहीत. पन्ह्यालासुद्धा बाजारातून कैऱ्या आणल्या. आणि तरी मी बारा वर्षं अशी समजून होते की तुझ्याशिवाय घरात कुणाला काही कळलंच नाही. ह्यांचं तर सोडच. अंगणातून आख्खा आंबा उपटून नेला असता तरी ह्यांनी जेवताना फक्त आज ऊन जास्त आहे म्हटलं असतं. तुझी माफी मी मागितली नाही. तुझ्यापुढे माफी मागायची म्हणजे पुढची दहा वर्षं ती ऐकून घ्यायची, एवढा मला तुझा अनुभव होता.

झाडानं मात्र माझी चूक लक्षात ठेवली. मी फांदी खोडालगत नीट काढली नव्हती, हातभर खुंट ठेवला होता. त्यातून धुमारे फुटले, आणि त्यातला एक आज माझ्या मांडीएवढा होऊन पुन्हा माझ्याच गच्चीवर आलाय, आधीपेक्षा खाली. वारा सुटला की पाण्याच्या टाकीवर धडका देतो. गेली तीन-चार वर्षं मी म्हणत होते, हिला काढूया. आणि तू, "बगू औंदा."

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात दुपारची ड्युटी माझी होती. तू डोळे मिटूनच विचारायचीस.

"कैऱ्या किती हायेत?"

"लय."

"लय म्हंजे? फांद्या वाकल्यान का?"

"वाकल्यात."

"मंग टेकू द्या गो. सांगाया लागतं का?"

त्या शेवटच्या दुपारी तू कैऱ्यांचं विचारलं नाहीस. डोळे उघडून म्हणालीस, "ती तुझ्या गच्चीवरची फांदी. औंदा तिला..." तेवढ्यात नर्स ब्लडप्रेशर घ्यायला आली. ती जाईपर्यंत तुझा डोळा लागला होता. मी म्हटलं, झोपू दे, उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी पहाटेच तू गेलीस. कधी थांबायचं आणि कधी नाही, हे सव्वीस वर्षं तुझ्याकडे शिकूनही मला त्या दुपारी कळलं नाही. औंदा तिला काय, आक्का? काढा, की राहू द्या? घरात सगळ्यांना ठाऊक होतं की शेवटचं तू माझ्याशी बोललीस, आणि सगळे मलाच विचारत होते. मी म्हणत होते, सांगते, आंबे तर उतरू देत.

मग तुझ्या महिन्याच्या जेवणाला मोठ्या नणंदबाई आल्या. मी वरण वाढत होते. त्या आपल्या सुनेला सांगत होत्या, "आमची आई कुनावर राग धरायची न्हाय. पन एकदा आक्कावयनीवर धरला व्हता. महिनाभर बोल्ली न्हाय तिच्याशी. त्या साली आंबा तोडला ना, मोहराच्या तोंडावर. वयनी बोल्ली, मीच धाकटीला सांगून गेल्ते तोडायला, चूक माझी हाय."

वरण त्यांच्या भातावर पडायचं ते पानाबाहेर गेलं.

म्हणजे तू बारशाहून आलीस, खुंट बघितलास, रामसूरतकडून मी काय बोलले ते काढून घेतलंस, आणि माझं खोटं उचलून तसंच सासूबाईंसमोर ठेवलंस. शब्दही बदलला नाहीस. मी माहेरी बसून होते तोवर तू इथं बोलणी खाल्लीस. ज्या पंधरा दिवसांत तू माझ्याशी बोलत नव्हतीस त्या दिवसांत तुझ्याशी सासूबाई बोलत नव्हत्या. आपल्या अंगणात तेव्हा फक्त कावळे बोलत असतील, आणि त्यांना तू शिव्या देत असशील. तुझे बोंबील पळवणाऱ्या त्या जातीशी तुझं जन्माचं वैर.

त्या दिवशी मोरीत जाऊन मी खूप रडले. दहा-बारा दिवसांच्या विधींमध्ये आलं नव्हतं एवढं रडू आलं. आणि रागही आला. बारा वर्षं उठता बसता टोपीवाल्यावरून मला टोमणे मारलेस, त्यात हे एक सांगायला काय झालं होतं? पण सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी पुन्हा मोकळेपणी भांडू शकले नसते. हे तुला कळत होतं, असं मला आता वाटतं.

आंबे उतरले. नणंदांकडे पाट्या गेल्या, तुझ्या माहेरीही एक धाडली. मी पेटीतून तुझं हिरवं लुगडं काढलं, काठ ठेवला आणि मधली चिंधी फाडून त्या फांदीला बांधली. तीन दिवस येता-जाता वर बघितलं. झाड मला काहीही म्हणालं नाही. टाकीवर धडका मात्र चालू होत्या, आणि हे रोज सकाळी आभाळाकडे बघून म्हणत होते की आता चार दिवसांत पाऊस आलाच.

रविवारी रामसूरतला बोलावलं. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, गोदामात मुकादम आहे, दुसऱ्यांच्या झाडांवर चढत नाही. आपल्याकडे आला. करवत खांद्याला अडकवून हसत म्हणाला, "इस बार आक्का को पूछा ना, भाभी?" मग त्याच्याच लक्षात आलं. त्यानं करवत खाली ठेवली, दोन्ही कान धरले आणि जरा वेळ बुंध्याला हात लावून उभा राहिला.

दादा खाली खुर्चीवर बसले होते. तू गेल्यापासून ते हो आणि नको एवढंच बोलतात. पानात पडेल ते खातात, चहा दिला तर पितात, नाही दिला तर मागत नाहीत. त्यांच्याकडे बघवत नाही, आक्का, म्हणून मी बघायचंच टाळते.

मला तीन दिवस वर बघून जे दिसलं नाही ते रामसूरतला चढताक्षणी दिसलं. "भाभी, यहाँ तो कौवे का घर है. तीन बच्चे हैं, मुँह फाड़ के बैठे हैं." कावळी त्याच्या डोक्याभोवती घिरट्या घालायला लागली. हे खालून म्हणाले, "काढ रे, कावळेच तर आहेत. पाऊस डोक्यावर आलाय, टाकी फुटेल." रामसूरतनं एका हातानं डोकं झाकलं आणि माझ्याकडे बघितलं.

मग दादा बोलले. "ती काय बोल्ली व्हती तुला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. आणि त्याच वेळी मला काय करायचं आहे ते अगदी स्वच्छ माहीत होतं. तुझं नाव लावून आयुष्यात मी एकदाच खोटं बोलले होते. आता दुसऱ्यांदा बोलले.

"आक्का बोल्ली, औंदा तिला हात लावू नका. पिल्लं असतील तर उडू द्या."

ह्यांचं तोंड उघडं राहिलं. "आक्का? कावळ्यांसाठी?"

दादा खुर्चीतून उठले. फांदीवरची हिरवी चिंधी वाऱ्यावर हलत होती, तिच्याकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले. बारशाच्या त्या चार दिवसांत ते तुझ्याबरोबर होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तू कुणाला काय सांगून निघाली होतीस आणि काय नव्हतीस, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"या घरातल्या बायकांनी त्या फांदीवरनं मना कदी खरं सांगितलंच न्हाय," ते म्हणाले. मग वर बघून, "उतर रे रामसूरत." आणि माझ्याकडे वळून, "च्या ठेव गो. साखर घाल जरा."

दीड महिन्यात त्यांनी आपणहून मागितलेला तो पहिला चहा. मी एवढी साखर घातली की त्यांना तो पिता आला नाही, तरी प्याले.

टाकीला जुनी गोधडी बांधलीय, आता धडका ऐकू येत नाहीत. चिंधी फांदीवर तशीच आहे. पुढच्या उन्हाळ्यात फळ उतरलं की मी पुन्हा वर बघीन, आणि घरात कुणी विचारलं तर म्हणेन, बघू औंदा. आणि त्या पौषातल्या फांदीची माफी, आक्का. आता तू उलटून बोलणार नाहीस म्हणून मागते. उलटून बोललीस तर फारच बरं होईल.

काल सकाळी त्यातलं एक पिल्लू पहिल्यांदा उडून माझ्या गच्चीच्या कठड्यावर आलं आणि नेमकं मी वाळत घातलेल्या बोंबलांवर डोळा ठेवून बसलं. मी त्याला तांदळाच्या भाकरीचा तुकडा टाकला, आणि तुझी ती नेहमीची शिवी, तुझ्याच आवाजात, खालपर्यंत ऐकू जाईल अशी हासडली. खाली दादा खुर्चीत हसले. भाकरी माझी होती, आक्का, शिवी तुझी.